सात नंबरचा पांढरा दगड

मी मुलांना दगड चाटायला शिकवायचो. कल्याणच्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं भूशास्त्र शिकवलं आणि माझी ख्याती म्हणाल तर तेवढीच. पहिल्याच तासाला खिशातून सैंधवाचा खडा काढायचा, सगळ्यांदेखत जिभेला लावायचा आणि म्हणायचं, "रंग फसवतो, डोळे फसवतात, जीभ फसवत नाही." मुलं हसायची, काही नाकं मुरडायची, पण तो तास कुणी विसरायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक पाटी होती, 'येथे कोणताही पदार्थ तोंडात घालू नये.' ती रसायनशास्त्रवाल्यांसाठी आहे, असं मी मुलांना सांगायचो. माझा स्वभाव मुळातच तापट, आणि नियम सांगणारी पाटी दिसली की तो आणखी तापायचा.

दगड ओळखायला खरं तर फार काही लागत नाही. आमच्याकडच्या मुलांना दगड म्हणजे काळा एवढंच ठाऊक असतं, कारण इकडच्या टेकड्या, खाणी, रुळांखालची खडी सगळं काळंच. म्हणून रंगावर जायचं नाही, हा पहिला धडा. खरखरीत पांढऱ्या फरशीवर दगड घासायचा आणि उठलेल्या रेघेचा रंग, म्हणजे त्याचा कस, बघायचा. नखाने ओरखडा उठतो की नाण्याने, की चाकू लागतो? फुटला तर सपाट पायऱ्यांसारखा फुटतो की ओबडधोबड? मग तळहातावर तोलायचा. मग अ‍ॅसिडचा एक थेंब टाकून बुडबुडे येतात का बघायचं. आणि खडा पांढरा, ठिसूळ असला तर जीभ. सैंधव असेल तर खारट लागणार, विषय संपला.

माझ्या शेवटच्या काही वर्षांत वर्गात दिवा गावाहून येणारी एक मुलगी होती. तिचे आजोबा, वडील सगळे खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. मिठागर बंद पडल्यावर वडील दिव्यातल्याच एका इमारतीत पंपावर लागले. पाणी येईल तेव्हा पंप सुरू करायचा, हे त्यांचं काम. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी सैंधवाचा खडा वर्गात फिरवला. सगळ्यांनी घाबरत घाबरत जीभ लावली. हिने खडा पुढच्या दातांत धरला आणि कचकन चावला.

"अगं, काय करतेस?" मी ओरडलो.

"सर, चाटून काय कळणार? मीठ चावून बघायचं असतं. चांगलं असेल तर कट करून फुटतं आणि लगेच विरतं. चिखल असेल तर दातात किरकिरतं. आमच्या घरी सगळे असंच बघतात."

वर्ग खो खो हसला. मी मात्र जाम खूश झालो. पुस्तकातलं घोकणाऱ्या पोरांत एक तरी पोरगी घरून काही शिकून आलेली होती. "हिच्याकडून शिका," मी वर्गाला म्हणालो. "हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही." तेव्हापासून मी तिला 'मीठवाली' म्हणू लागलो आणि तीही ते मिरवायची. माझं ते कौतुकाचं वाक्य नंतर मला किती छळणार होतं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

आता माझ्या दोन भानगडी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. एका पावसाळ्यात आत गुडघाभर पाणी शिरलं आणि दगडांच्या खोक्यांवरची लेबलं धुऊन गेली. पाणी ओसरल्यावर मी एका दुपारी बसून सगळे नमुने हाताने आणि डोळ्यांनी ओळखले आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये लावले. 'डोळे फसवतात' म्हणणारा मी, दोन-अडीचशे दगड एका दुपारी उरकून मोकळा झालो. शेवटी एक नमुना सापडला नाही, विदराइट नावाचा. बाहेरदेशी सापडणारं पांढरं खनिज, विषारी. नोंदवहीत त्याच्यापुढे मी 'गहाळ' लिहिलं आणि सही केली.

दुसरी भानगड अ‍ॅसिडची. नवीन बाटलीची मागणी ऑफिसात अडकली की मी जुन्या बाटलीत थोडं पाणी घालायचो. तेवढंच पोरांच्या कपड्यांना भोकं पडत नाहीत, अशी स्वतःची समजूतही घालायचो. असं दोन वर्षं चाललं होतं.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, मार्चमधल्या एका सकाळी, मी टेबलावर दहा नमुने मांडले. सात नंबरला बॅराइट द्यायचा होता. बॅराइटही पांढरा आणि हाताला चांगला जड. मुलांना वजनावरून ओळखता येतो. मी ड्रॉवर उघडला, आत दोन पांढरे दगड होते. जो आधी हाताला लागला तो उचलला आणि सातच्या चिठ्ठीवर ठेवला.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. अकराच्या सुमारास ती मुलगी उठून बेसिनपाशी गेली आणि ओकली. बाई धावल्या. मीही गेलो, पण वैतागून. परीक्षेच्या धास्तीने ओकणारी मुलं दर वर्षी एखाददुसरी असतात.

"सर, मी सात नंबर चावला," ती म्हणाली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "बारीक कण निघाला. तो गिळला गेला."

"चावलास? परीक्षेत? अगं, एवढा जड दगड मीठ असेल का? तीन वर्षांत एवढंही कळलं नाही?" मी सगळ्यांसमोर तिला झापलं. मग बाईंना म्हणालो, "घाबरू नका, बॅराइट आहे. पोटाच्या एक्स-रेला पांढरं पाजतात ते हेच. जसं जाईल तसं बाहेर येईल. तरी समाधानासाठी डॉक्टरांना दाखवून आणा."

बाई तिला रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलात घेऊन निघाल्या. दारातून बाहेर पडताना ती मागे वळून म्हणाली, "सर, ओठांना मुंग्या येतायत."

मी उरलेल्या मुलांकडे वळलो आणि तिथेच थांबलो. ड्रॉवरमध्ये दोन दगड होते. दोन का होते?

नोंदवही काढली. 'बॅराइट, एक नग.' त्याच पानावर चार ओळी खाली 'विदराइट, एक नग, गहाळ' आणि माझी सही. तोही पांढरा, तोही तितकाच जड, कस दोघांचा पांढरा, नाण्याचा ओरखडा दोघांवर सारखाच उठतो. त्या दुपारी घाईघाईत मी दोघांना एकाच ड्रॉवरमध्ये टाकलं होतं आणि एकाला गहाळ ठरवलं होतं. फरक एकच, आणि तो पोटात गेल्यावर कळतो. बॅराइट विरघळत नाही. विदराइट पोटातल्या आम्लात विरघळतो, रक्तात जातो आणि हृदयावर घाला घालतो. सुरुवात ओठांच्या मुंग्यांनी, ओकाऱ्यांनी होते.

मी बाईंना फोन केला, तेव्हा त्या नुकत्याच हॉस्पिटलात पोचल्या होत्या. बॅराइट किंवा विदराइट, दोन्ही शक्यता सांगितल्या. त्यांनी फोन डॉक्टरांच्या हातात दिला.

"एक काय ते सांगा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही म्हणता ते पहिलं असेल तर इथेच नजरेखाली ठेवू. दुसरं असेल तर मला तिला ठाण्याला हलवावं लागेल, आमच्याकडे तेवढी सोय नाही. आत्ता दुर्गाडीच्या पुलावर किती गाड्या अडकल्या असतील तुम्हाला माहीत आहे. उगाच हलवायचं नाही आणि उशीरही करायचा नाही. पंधरा मिनिटांत खात्रीने सांगा."

मी मुलांना बाहेर काढलं. आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे काका म्हणायचे, ते तेवढे माझ्याबरोबर राहिले. सात नंबरचा दगड मी उचलला. हातात तो नेहमीसारखाच जड लागला. इतक्या वर्षांत पोरांच्या नखांनी, नाण्यांनी, घामाने त्याचा सगळा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाला होता. असा झिजलेला दगड काहीही असू शकतो. मी मुलांना नेहमी सांगायचो, ताज्या फुटीवर बघा, जुन्या तोंडावर विश्वास ठेवू नका. ताजी फूट एकच होती, कडेला, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. तिने चावला होता तिथे.

भिंग लावलं. कोपर टेबलावर टेकवलं. त्या फुटीत एक सपाट, चमकदार पायरी दिसली, तिच्या शेजारी आणखी एक. सपाट फुटतो तो बॅराइट. विदराइट ओबडधोबड फुटतो. पण पायऱ्या दोनच, आणि त्याही मी भिंगातून बघणार, ज्या माणसाने याच डोळ्यांनी दोन दगड एक समजले होते. वर्गात असतो तर लगेच उत्तर दिलं असतं. त्या क्षणी मला एकाही पायरीवर भरवसा वाटेना.

अ‍ॅसिड बाकी होतं. विदराइटवर बुडबुडे येतात, बॅराइटवर येत नाहीत. मी टेबलावरच्या बाटलीतून दोन थेंब टाकले आणि भिंग लावून बसलो. एक बुडबुडा नाही. मी "देवा" म्हणालो, मोठ्याने. काका म्हणाले, "झालं ना सर? करा फोन."

फोन उचलायला हात पुढे केला तेव्हा तिची उत्तरपत्रिका दिसली. ती जिथे बसली होती तिथेच पडली होती, वर पेन. सात नंबरपुढे लिहिलं होतं, पांढरा, कस पांढरा, जड, चव नाही, अ‍ॅसिडची क्रिया नाही, बॅराइट. बरोबर उत्तर. मला रडूच फुटायचं बाकी होतं. मग नजर वर गेली, तीन नंबरवर. तीन नंबर कॅल्साइट होता, ज्याच्यावर अ‍ॅसिड पडलं की फसफसायलाच हवं. तिने तिथेही लिहिलं होतं, अ‍ॅसिडची क्रिया नाही. आणि तरीही उत्तर कॅल्साइट असंच, तिरक्या फुटीवरून ओळखलेलं. सगळा पेपर इंग्रजीत होता. समासात बारीक अक्षरात एवढी एकच ओळ मराठीत होती: 'अ‍ॅसिड खराब असावं. म्हणून ७ चावून बघितला. मीठ नाही.'

मी ती ओळ तीनदा वाचली. माझ्या बाटलीवर तिचा भरवसा उडाला, म्हणून तिने घरच्या परीक्षेचा आधार घेतला. मी ज्या परीक्षेचं वर्गासमोर कौतुक केलं होतं, तिचा. आणि थोड्या वेळापूर्वी मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं.

मी तीन नंबरवर थेंब टाकला. कॅल्साइट ढिम्म. त्या बाटलीत अ‍ॅसिड नव्हतंच, माझं दोन वर्षांचं पाणी होतं. माझी सगळी खात्री पुन्हा शून्यावर आली.

"काका, संडास धुवायचं अ‍ॅसिड कुठे असतं?"

"कशाला, सर?"

"आणा हो! विचारू नका!"

काका धावत गेले आणि पिवळट अ‍ॅसिडची बाटली घेऊन आले. झाकण घट्ट बसलं होतं. मी ते फडक्याने धरून फिरवत होतो तेव्हा फोन वाजला. बाई होत्या. "ती पाय जड झाले म्हणते आहे. डॉक्टर विचारतायत, ठाण्याला गाडी सांगू का?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो. "फक्त पाच." आणि लगेच वाटलं, ही पाच मिनिटं मी कुणाच्या जिवावर मागतो आहे?

झाकण निघालं. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, पाण्यात थोडं अ‍ॅसिड ओतलं. आधी पाणी, मग अ‍ॅसिड, हे मुलांना शिकवलेलं माझं मलाच पुटपुटत सांगावं लागलं. पहिला थेंब कॅल्साइटवर. तो फसफसला, पांढरा फेस टेबलावर आला. म्हणजे हे अ‍ॅसिड जिवंत होतं. मग दुसरा थेंब सात नंबरवर, तिच्या दातांनी उघडलेल्या ताज्या फुटीवर.

मी भिंगातून बघत होतो. विदराइटवर बुडबुडे हळू उठतात, हे मला माहीत होतं, म्हणून घाई केली नाही. अर्धं मिनिट गेलं. आणखी एक थेंब. एक मिनिट. काकाही वाकून बघत होते. थेंब तसाच होता, स्वच्छ, स्थिर, पाण्यासारखा. त्यात खालची सपाट पायरी लख्ख दिसत होती.

"बॅराइट," मी फोनवर डॉक्टरांना सांगितलं. "खात्रीने. हलवू नका तिला."

"नक्की?"

"नक्की. आधी अ‍ॅसिड तपासलं, मग दगड."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "सर, बसा आता. पाणी देतो." मी बसलो नाही. ड्रॉवर उघडला आणि मागे राहिलेला दुसरा दगड बाहेर काढला. त्याच्यावर एक थेंब टाकला. आधी काही झालं नाही. मग थेंबाच्या कडेला एक बारीक बुडबुडा आला, मग चार, मग थेंब पांढरा होऊन हळूहळू उकळल्यासारखा हलू लागला.

मी किती वेळ बघत राहिलो आठवत नाही. पुरानंतर दर वर्षी मी त्या ड्रॉवरमधून दगड काढले होते. दर वर्षी मुलांना म्हणालो होतो, चाटा. काकांनी मला खुर्चीत बसवलं आणि मी तोंड ओंजळीत घेऊन रडलो.

दुपारी मी दोन्ही दगड बरोबर घेऊन हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांना हवे होते. विदराइट काचेच्या बरणीत बंद करून त्याच्यावर मी लाल शाईने कवटी काढली होती. सगळ्या तपासण्या नीट आल्या होत्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं, रात्रभर जागरण, त्यात भीती. ओकारी आणि मुंग्या त्याच्याच, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन लावलेली ती झोपली होती. शेजारच्या स्टुलावर तिचे वडील बसले होते. पंप तसाच सोडून दिव्याहून आले होते. पायातल्या चपला ओल्या होत्या.

मला बघून ते उठून उभे राहिले. हातच जोडले त्यांनी.

"सर, माफ करा हां पोरीला. अक्कल नाय तिला. आमच्यात मीठ चावून बघतात, पन ते मिठागरान. कालेजात कोन दगड चावतं का? मी झाडलंय तिला. परत असं नाय करनार."

मला हायसं वाटलं. ते लपवून काय करू? वडील स्वतःच पोरीला दोष देत होते. परीक्षक बाई निघून गेल्या होत्या, काका कुणाला काही बोलणार नव्हते, पोरगी सुखरूप होती. नुसतं "असू द्या" म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तोंडापर्यंत आलेही ते दोन शब्द.

"तिची चूक नाही," मी म्हणालो. "बसा. मी सांगतो."

आणि सगळं सांगितलं. चाटायला मी शिकवलं ते. चावण्याचं कौतुक मी केलं ते. अ‍ॅसिडमधलं पाणी, पुरानंतरची दुपार, 'गहाळ' आणि सही. बरणीतला दगड दाखवला आणि सांगितलं, हा पोटात गेला असता तर आपण इथे असे बसलो नसतो. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दोन्ही एकाच ड्रॉवरान व्हते?"

"हो."

"मग पोरीपुढे कोनता ठेवायचा, ते कोनी ठरवलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "जो हाताला लागला तो ठेवला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते ओरडले असते, चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ते मुलीकडे वळले आणि तिच्या पायावरची चादर सारखी केली.

मग त्यांनी मी पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलेला दुसरा दगड उचलला, सात नंबरचा. तिच्या दाताच्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"ह्योच का तो?"

"हो. याने काही होत नाही. हा निर्धोक आहे."

त्यांनी तो तळहातावर तोलला. "जड हाय," ते म्हणाले, आणि जन्मभराची सवय असल्यासारखा त्यांचा हात दगड घेऊन तोंडाकडे गेला.

मी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"तुमीच बोललात ना सर," ते चकित होऊन म्हणाले, "याने काय होत नाय."

मीच म्हणालो होतो. अ‍ॅसिड तपासून, दगड तपासून, खात्री करून म्हणालो होतो. तरी मी त्यांचा हात सोडला नाही.